कागदाखालची नऊ नावं

सोमवार, २८ एप्रिल २०२५

तेहतीस वर्षं नोकरी झाली, ऑक्टोबरअखेर सुटणार, आणि सुटता सुटता साहेबांनी गळ्यात हे लोढणं अडकवलं. आमचं कार्यालय जूनमध्ये नव्या इमारतीत जाणार. तिथं तळमजल्यावर ‘स्मृतिदालन’ करायचं ठरलंय. त्यासाठी कार्यालयातल्या ऐतिहासिक आणि स्मृतिपर वस्तूंची यादी हवी, फोटोंसह, विहित नमुन्यात, महिन्याच्या आत. समिती तीन जणांची. एकीची प्रसूती रजा, एकाची बदली. उरली कोण, तर शोभा धर्माधिकारी, कार्यालयीन अधीक्षक.

साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, “मॅडम, इथली भिंत न् भिंत तुम्हाला पाठ आहे.” हरभऱ्याच्या झाडावर चढवायला काय लागतं! चढले मी.

दुपारी एक चक्कर मारली आणि डोकं फिरलं. इंग्रजांच्या वेळचा पितळी मापांचा संच आहे आमच्याकडे, प्रत्येक मापावर शिक्का. त्यातल्या शेरात लेखाशाखेनं पेनं खुपसलीयेत. पायली कूलरखाली, गळतं पाणी धरायला. अदशेर सापडतच नाही. विचारलं तर म्हणतात, “असलं काही इथं आहे हेच माहीत नव्हतं, मॅडम.” रोज हात घालता त्यात आणि माहीत नाही!

बुधवार, ३० एप्रिल

जडवस्तू नोंदवही काढली. कार्यालयातली खुर्ची, टेबल, घड्याळ, कचऱ्याची बादली, सगळ्याला त्यात नंबर असतो. ज्याला नंबर नाही ते सरकारच्या लेखी नाहीच. लंबकाच्या घड्याळाला नंबर आहे. मापांना आहे. १९५८ सालच्या कोनशिलेला नाही.

मग कोनशिला शोधली. सापडली कुठे? कॅन्टीनच्या मागे, मोरीत. छबूबाई तिच्यावर भांडी घासत होती. अक्षरांची बाजू वर!

“छबूबाई, अहो हा दगड कसला आहे बघितलंत का?”

“लई गुळगुळीत हाय. कढया चांगल्या निघत्यात.”

“त्याच्यावर लिहिलंय काहीतरी!”

“मग त्येच्या खाचंतच तर राख बसती चांगली.”

तिच्यावर चिडून काय करायचं? तिला कुणी सांगितलंच नाही. चीड आली ती वर बसलेल्यांची. ज्यांनी तो दगड भिंतीतून काढला, मोरीत टाकला आणि वर येऊन चहा घेतला त्यांची. घरी आल्यावर तासभर बोलत होते. आमचे नृसिंहराव शाळेतून रिटायर झाल्यापासून कुठल्याही गोष्टीवर चिडत नाहीत, याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. म्हणाले, “शोभा, दगड आहे तो. तुझ्या रक्तदाबाला तरी नंबर आहे का वहीत?”

मंगळवार, ६ मे

आज टीव्हीवर बातमी, चार महिन्यांत स्थानिक निवडणुका घ्या म्हणून कोर्टाचा आदेश. म्हणजे पुन्हा आचारसंहिता, पुन्हा झाकाझाकी. निवडणूक लागली की चोवीस तासांच्या आत पुढाऱ्याचं नाव असलेला प्रत्येक फलक, कोनशिला, कॅलेंडर झाकायचं. शिपाई लोक जुने पेपर आणि खळीची बादली घेऊन फिरतात. झाकायचा आदेश येतो, फोटोसह अहवाल मागतात. उघडायचा आदेश मात्र तेहतीस वर्षांत मी कधी पाहिला नाही. म्हणून आमच्या इमारतीत अजून दोन जागी गेल्या लोकसभेचे पेपर चिकटलेले आहेत. फाडा म्हटलं तर श्रीमंत म्हणतो, “आता लागनारच हाय पुन्ना. कशाला डबल काम?”

श्रीमंत आमचा शिपाई. नाव श्रीमंत आणि कामात कद्रू.

यादी एक्केचाळीस वस्तूंवर आली. साहेब खूश.

शुक्रवार, ९ मे

आज मुबारकबी आल्या. मला वाटलंच होतं.

अजीज शेख आमच्याकडे वाहनचालक होते. २०२१ च्या लाटेत करोनाच्या ड्युटीवर गेले, नऊ मे रोजी वारले. ही त्यांची बायको. दर वर्षी या तारखेला मिरजगावहून सकाळच्या एसटीनं येते, पॅसेजमधल्या बोर्डासमोर खाली बसते, दहा-पंधरा मिनिटं. मग माझ्या टेबलापाशी येऊन “येते मॅडम” म्हणते आणि जाते. सरकारी पॅसेजमध्ये असं बसणं कुठल्याच नियमात बसत नाही. तरी मी कधी हरकत घेतली नाही. फक्त सांगितलं होतं, उदबत्ती नको, फुलं नको आणि अभ्यागतांच्या वेळेतच. माणुसकी म्हणून एवढं मी करतेच.

आज त्या सरळ टेबलापाशीच आल्या.

“मॅडम, बोर्ड कुठं हाय?”

“पॅसेजमध्ये आहे की.”

“न्हाई. भितीवर खिळं हायेत नुसतं.”

जाऊन पाहिलं. खरंच, चार खिळे आणि भिंतीवर पांढरा चौकोन. मी रोज दोनदा त्या पॅसेजमधून जाते. कधीपासून नाही बोर्ड, मला सांगता येईना.

त्या बोर्डाबद्दल लिहून ठेवते, कारण आता माझा संताप शब्दांत मावत नाहीये. करोनाच्या ड्युटीत गेलेल्या नऊ जणांचा तो. २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून सागवानाची फळी आणली आणि सावेडीतल्या ओंकार पेंटरनं ती रंगवली. नावं सगळेच रंगवतात. त्यानं प्रत्येक नावाच्या डावीकडे त्या माणसाच्या कामाचं चित्र काढलं. शिक्षकाला खडू-फळा, परिचारिकेला तिची टोपी, फवारणीवाल्याला पंप, अजीजना स्टेअरिंग. अडाण्यालाही आपलं माणूस सापडावं असा बोर्ड. मुबारकबींना वाचता येत नाही, त्या स्टेअरिंगकडे बघत बसायच्या. खाली उजव्या कोपऱ्यात ‘अनावरण शुभहस्ते’ म्हणून पुढाऱ्याचं नाव, नऊ नावांपेक्षा मोठ्या अक्षरात.

त्या एका नावापायी लोकसभेच्या वेळी बोर्डावर पेपर चिकटवला. मुबारकबी गेल्या वर्षी आल्या तेव्हा पेपरच होता. त्या पेपरसमोरही पंधरा मिनिटं बसल्या होत्या. मी म्हटलं होतं, निवडणूक झाली की काढू.

आज म्हणाल्या, “पेपर तरी हुता गेल्या साली.”

मी सांगितलं, रंगवायला दिलाय. खोटं बोलले. दुसरं काय सांगणार होते?

मंगळवार, १३ मे

कालची बुद्धपौर्णिमेची सुट्टी धुमसण्यात गेली. आज आल्या आल्या श्रीमंतला समोर उभं केलं.

“पॅसेजमधला बोर्ड कुठंय?”

“कंचा?”

“करोनाचा!”

“त्यो पेपरवाला व्हय? मार्चमंदी भंगारात गेला की. निर्लेखनात.”

मोडक्या, निरुपयोगी वस्तू नोंदवहीतून काढून भंगारात देतात त्याला निर्लेखन म्हणतात. मोडक्या खुर्च्या, सडलेली कपाटं, फुटके ट्यूबलाइट, आणि त्यांच्यात ही नऊ माणसं. फाइल मागवली. अनुक्रमांक २७ : ‘जुनी लाकडी फळी, कागद चिकटवलेली, निरुपयोगी, १ नग’.

माझा आवाज साहेबांच्या केबिनपर्यंत गेला म्हणतात. जाऊ दे! निरुपयोगी? एक कोपरा, फक्त एक कोपरा उचलून खाली काय आहे ते बघायला कुणाचे हात मोडले होते? डोळे होते ना? नख होतं ना बोटाला?

श्रीमंत खाली बघत म्हणाला, “मॅडम, आमी शिपाई मानसं. यादी वरून आली, आमी उचललं.”

“आणि आख्खा बोर्ड झाकायला कुणी सांगितलं होतं? खालचं एक नाव झाकायचं होतं!”

“तुमीच म्हनला हुता, सरसकट झाका, इंच इंच मोजत बसू नका.”

हा माणूस तोंडाला लागायला शिकलाय हल्ली. त्या दिवशी एकशे सहा फलकांचा अहवाल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. म्हटलं असेन.

निर्लेखनाच्या यादीवर तीन सह्या आहेत. पहिली माझी. मार्चअखेरला मी दिवसात दीड-दोनशे सह्या करते. यादी बनवली भांडारपालानं, तो आता बदलून पाथर्डीला गेलाय. त्याला फोन केला तर म्हणतो, “मॅडम, त्या फळीला नंबरच नव्हता, मला वाटलं नसलेलीच बरी.” फोन आपटला मी.

शनिवार, १७ मे

भंगारवाल्याकडून कळलं की फळी सोनईच्या एका सुताराला विकली. नृसिंहराव गाडी काढून तयार. वाटेत मी पूर्ण वेळ बोलत होते, ते पूर्ण वेळ गाडी चालवत होते.

सुतार म्हातारा, नाव भीमा. आम्ही काय शोधतोय हे सांगितल्यावर त्यानं हातातली पटाशी खाली ठेवली.

“त्या फळीचं चौरंग केलं जी दोन. सत्यनारायनाला लागत्यात. गेलं बी गिऱ्हाइकाकडं.”

“आणि वरची अक्षरं?”

“रंधा मारला.” मग म्हणाला, “कागद म्या भिजवून काढला सावकाश. वाचलं समदं. नऊ मानसं हुती. चित्रं बी लई गोड काढल्याली. दोन दिस तशीच ठेवली हुती भितीला टेकून. पन वाटलं, हापिसानंच टाकून दिली म्हंजी तेंचं काम झालं आसंल.”

एवढ्या मोठ्या व्यवहारात कागद उचलून बघणारा एकच निघाला, आणि तो आमच्या कार्यालयाचा नव्हता. मला तिथंच रडू आलं. नृसिंहरावांनी पाण्याची बाटली पुढे केली. भीमाला विचारलं, नावं आठवतात का. म्हणाला, “नावं न्हाई जी. चित्रं आठवत्यात.”

सोमवार, १९ मे

साहेबांना सगळं लेखी दिलं. ‘अक्षम्य हलगर्जीपणा’ हा शब्द तीनदा वापरला. भांडारपाल, श्रीमंत, भंगाराचा ठेकेदार, सगळ्यांकडून खुलासा मागवावा असं सुचवलं. साहेबांनी वाचलं आणि शांतपणे म्हणाले, “खुलासे नंतर बघू. बोर्ड पुन्हा करून घ्या. स्मृतिदालनात पहिला तोच लावू. नावं तेवढी द्या पेंटरला.”

नावं!

मला सहा आठवतात, त्यातही दोघांची आडनावं नाहीत. ओंकार पेंटरकडे त्या वेळी चिठ्ठी दिली होती, ती गेली. अनावरणाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडले, तब्बल छत्तीस. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत पुढारी बोर्डासमोर ओळीनं उभे, हार घालून. नावं त्यांच्या पोटांमागे. एका फोटोत कुणाच्या तरी कोपराखालून फवारणीचा पंप दिसतोय, बस्स. माझा फोन मी सोफ्यावर फेकला.

नऊ जणांतले दोघेच आमचे कायम कर्मचारी. बाकी कुणी कंत्राटी, कुणी दुसऱ्या खात्यातून ड्युटीपुरते आणलेले. त्यांची सेवापुस्तकं आमच्याकडे नाहीत.

नृसिंहराव भाजी निवडत म्हणाले, “ड्युटीची ऑर्डर असेल ना? त्यात सगळ्यांची नावं असतील. तेव्हा आस्थापना कुणाकडे होती?”

त्यांना माहीत आहे कुणाकडे होती. माझ्याकडे. उगाच विचारतात. मी म्हटलं, ती फाइल जुन्या अभिलेखात आहे, धूळ असते तिथं, मला त्रास होतो.

बुधवार, २१ मे

आज अभिलेख कक्षात जायचं होतं, गेले नाही. मापांवर ब्रासो लावून घेतलं. अदशेर साहेबांच्या ड्रायव्हरच्या घरी निघाला, तांदूळ मोजायला. त्याला चांगला झाडला, पण नेहमीची मजा आली नाही.

एप्रिल २०२१ बद्दल लिहायचं तर नियम स्पष्ट होते. पन्नाशीवरचे आणि गंभीर आजारी यांना सूट. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक. माझ्या टेबलावर सूट मागणारे ऐंशीच्या वर अर्ज होते. निम्मे खोटे. एकाची तर आजी तिसऱ्यांदा वारली होती. सगळ्यांना सूट दिली असती तर रुग्णांच्या गाड्या चालवल्या कुणी असत्या? माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. अजीज शेखचा अर्ज होता, मधुमेह आहे म्हणून. ‘सोबत प्रमाणपत्र नाही, सबब अमान्य’ अशी टिपणी मी ठेवली, साहेबांनी सही केली. मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं. का आठवतं ते माहीत नाही, तसली ऐंशी वाक्यं लिहिली होती मी.

मला वाईट वाटत नाही असं नाही. पण चूक आणि वाईट वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शुक्रवार, २३ मे

मुबारकबींना मीच फोन करून बोलावलं होतं. बोर्ड रंगवायला दिला नव्हता, तो गेला, हे तोंडावर सांगायचं होतं. सांगितलं. त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, “पुन्ना व्हनार का?” मी म्हटलं, होणार, आज नावं शोधते. “मग मी थांबते,” म्हणाल्या आणि अभिलेख कक्षाच्या बाहेर बाकावर बसल्या.

श्रीमंतनं शिडी लावून गठ्ठा काढून दिला, न सांगता खुर्ची पुसून दिली आणि गेला. फाइल जाड होती. ड्युटीचे आदेश वरच सापडले, वारलेल्यांच्या नावापुढे तशी नोंद केलेली. नऊच्या नऊ नावं मिळाली, आडनावांसकट, हुद्द्यासकट. कागदावर उतरवून घेतली. तिथंच उठून यायला हवं होतं.

आदेशांच्या खाली अर्ज लावलेले होते. अजीजचा अर्ज सहज सापडला, माझी टिपणी लाल शाईत होती. अक्षर चांगलं आहे माझं. एका पानाचा अर्ज, पाठकोरा. पण पान जरा जाड लागलं हाताला.

उलटलं. मागच्या बाजूला, टाचणीनं, प्रमाणपत्र लावलेलं होतं. कर्जतच्या सरकारी डॉक्टरांचं. शिक्का, सही, साखर चारशे बारा. तारीख अर्जाच्या आदल्या दिवसाची. टाचणी गंजून कागदाला तिचा डाग पडला होता. म्हणजे आधीपासूनच तिथं होतं ते. माझ्या टेबलावर होतं तेव्हाही होतं.

पहिल्यांदा डोक्यात काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मनात आलं की असा मागे लावतात का कागद? पुढे लावायला काय झालं होतं? चिडले मी. त्या मेलेल्या माणसावर चिडले. आणि मग चिडायला कुणी उरलंच नाही.

अर्ज फाइलमधून काढता येत नाही म्हणून फाइलच उचलून बाहेर आले. आधी उतरवलेली नऊ नावं हुद्द्यांसकट त्यांना वाचून दाखवली. प्रत्येक नावाला त्या मान हलवत होत्या. सातवं नाव झाल्यावर म्हणाल्या, “ह्ये पंपवाले.” मी नेहमीसारखं तिथंच थांबू शकले असते.

फाइल उघडून त्यांच्यापुढे धरली. “मुबारकबी, अजीजभाईंनी सूट मागितली होती. प्रमाणपत्र नाही म्हणून मी नामंजूर करायला लावली. प्रमाणपत्र होतं. हे बघा. पानामागं होतं. मी पान उलटून बघितलं नाही.”

त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. टाचणीवरून बोट फिरवलं.

“मला म्हाईत हाय. टाचनी म्याच लावली हुती. तेंचा हात कापत हुता.”

“तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? मग चार वर्षांत एकदाही बोलला नाहीत मला?”

त्या कडवट बोलल्या नाहीत. अगदी साध्या आवाजात विचारलं.

“बोलले असते, तर तुमी मला बोर्डापाशी बसू दिलं असतं?”

मी म्हटलं, “असं कसं, दिलंच असतं.” त्यांनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि एसटी चुकेल म्हणून निघाल्या.

नसतं दिलं.